थंडी तार

दिवाळीचे दिवे विझले की आमच्या आसेगावच्या शिवारात एक हाळी ऐकू यायला लागते. "लाईन आली बे." एका शेतातला माणूस ओरडतो, दुसरा ती हाळी पुढच्याला देतो आणि मग एकामागून एक मोटारी घुरघुरायला लागतात. तापल्या दिवसांत भेगाळलेल्या काळ्या रानात थंड पाणी शिरतं. भिजल्या मातीचा वास, हरभऱ्यावरचं आंबट दहिवर, पायाच्या बोटांना झोंबणारा गार चिखल. गव्हाच्या पहिल्या पाण्याचे हे दिवस. लाईन दिवसा द्यायची की रात्री, हे ठरवणारे कुठेतरी दूर बसलेले असतात. आम्ही आपले आली की ओरडतो आणि गेली की शिव्या घालतो.

यंदाही हाळी आली. मी कणीक मळत होते. सवयीनं मागे वळून पाहिलं, तर दारातली जागा रिकामी. दरवर्षी ही हाळी ऐकली की आत्याबाई दारातून उठायच्या, लुगड्याचा पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "चाल वर्षा, पानी सुटलं." आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सुना सासूला आत्याबाईच म्हणतात. त्या सध्या शिरपूरला, लेकीकडे आहेत. चार दिवस जाऊन येतो म्हणाल्या आणि अजून आल्या नाहीत. शेजारच्या बाया विचारतात तेव्हा मी म्हणते, गुडघे दुखतात, तिकडे डॉक्टर चांगला आहे. का गेल्या ते त्यांना माहीत आहे आणि मला.

सांगायचं तर त्या एका हिवाळ्यापासून सांगावं लागेल. पूर्वा, माझी मुलगी, तेव्हा नुकती रांगायला लागली होती. गावाला लागूनच आमचं वावर. विहीर, मोटार, टिनाची एक खोपडी आणि पुढे मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक यांचे वाफे. सकाळच्या पहिल्या एसटीनं कारंजाच्या बाजाराला भाजी न्यायची, म्हणजे उजाडायच्या आत मेथी उपटून, धुऊन, जुड्या बांधून तयार पाहिजे. अंधारात मेथीबरोबर गवतही जुडीत जायचं. बाजारातली एक बाई आत्याबाईंना म्हणाली, "तुमची मेथी म्हशीले घालू का घरी नेऊ?" आत्याबाईंना ते फार लागलं. घरी येऊन त्यांनी मुलाला सुनावलं, "गजू, खोपडीत बल्ब लाव. माही इज्जत चालली गवतापायी."

गजानन म्हणजे माझा नवरा. मी त्यांना "अहो" म्हणायचे आणि ते मला "मास्तरीण" म्हणायचे, कारण मी विज्ञानात बारावी झालेली. लग्न ठरताना हे शिक्षण त्यांच्या घरच्यांना जरा जास्तच वाटलं होतं. आत्याबाईच म्हणाल्या होत्या, "शिकलेली हाये तं हाये, काही चावते का?"

तर बल्ब. त्यात अडचण अशी की बल्बाला दोन तारा लागतात. वीज एका तारेनं येते, बल्बातून जाते आणि दुसऱ्या तारेनं जिथून आली तिथं परत जाते. जाण्यायेण्याचा पूर्ण फेरा झाला तरच बल्ब पेटतो. फेरा कुठंही तुटला की सगळंच थांबतं. मोटारीच्या तीन तारा आमच्या खोपडीपर्यंत आल्या होत्या, पण त्या तिन्ही वीज आणणाऱ्या. ती परत नेणारी तार शेतापर्यंत आलेलीच नव्हती. यावर आमच्या भागात एक उपाय आहे. घराघरात नसला तरी वावरावावरांत आहे. मोटारीच्या पेटीतून एक तार बल्बाला आणायची. बल्बाची दुसरी तार एका लोखंडी सब्बलीला, म्हणजे पहारीला, गुंडाळायची आणि ती सब्बल ओल्या जमिनीत ठोकायची. तिकडे डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरलाही, एक तार जमिनीत गाडलेली असते. मग वीज जमिनीतूनच परत जाते. जमीनच दुसरी तार होते.

ह्यांनी सब्बल ठोकली, तार गुंडाळली, बुडाशी मूठभर मीठ टाकलं. लाईन आल्यावर शंभराचा पिवळा बल्ब लागला, पण कसा, तर विझत आलेल्या निखाऱ्याएवढा. हे हिरमुसले. मी म्हणाले, "माती सुकी हाये. सुक्या मातीतून वीज जात नाही नीट. पानी टाका." त्यांनी बादली ओतली आणि आमच्या डोळ्यांदेखत तो बल्ब हळूहळू उजळत गेला. मिठाच्या पाण्यानं वाट मोकळी केली होती. मला त्यातलं सगळं माहीत होतं, तरी अंगावर काटा आला. पुस्तकातली गोष्ट मी पहिल्यांदा मातीत घडताना पाहत होते. "म्हंजे मातीले बी तहान लागते," हे म्हणाले. मी म्हटलं, हे काही बरोबर नाही, एका तारेचं काम असं चोरून जमिनीकडून करून घेणं. तर म्हणाले, "जमीन आपली, मंग तिच्यातली तार बी आपलीच."

त्या हिवाळ्यात रोज पहाटे मेथी धुवायच्या आधी मी सब्बलीला बादलीभर पाणी घालत असे. तुळशीला घालतात तसंच, त्यातलाच एक उपचार. आत्याबाई जुड्या बांधायच्या, हे त्या कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरायचे, पूर्वा पोत्याच्या झोळीत झोपलेली असायची. हरभऱ्याचा कोवळा पाला, हिरवी मिरची आणि दाण्याचा कूट यांचा घोळाणा भाकरीवर घेऊन तिथंच बसून खायचा. बल्बाभोवती चिलटं, आणि त्या पिवळ्या उजेडाबाहेर धुकं. मला आयुष्यात सुख म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी फार विचार न करता तो उजेड सांगेन.

शिवारातल्या लोकांनी तारांना दोन नावं ठेवली आहेत. पेटीतून येते ती गरम तार. तिला सगळे भितात, कोरड्या काठीनं बाजूला करतात. सब्बलीला जाते ती थंडी तार. थंडी तारेला कुणी भीत नाही. बाया तिच्यावर फडकी वाळत घालतात, पोरं तिला धरून उड्या मारतात, कारण ती धरली तर बहुधा काही होत नाही. पण ती थंड असते ती जमिनीत आहे तोवरच. सब्बल उपटली, तार मोकळी झाली, की फेरा तुटतो. बल्ब विझतो, आणि माणसाला वाटतं वीज गेली. वीज गेलेली नसते. ती बल्बातून त्या मोकळ्या टोकापर्यंत येऊन थांबलेली असते. परत जायला तिला वाट हवी असते, आणि ओल्या चिखलात अनवाणी उभं असलेलं माणूस ही फार चांगली वाट असते.

त्या दिवशी दुपारी रोह्यांनी कुंपण तोडलं. रोही म्हणजे नीलगाय. एक कळप शिरला की मेथीचं मैदान होतं. हे बाजाराला गेले होते, मी घरी पूर्वाला ताप म्हणून. वावरात आत्याबाई एकट्या. खांब पुन्हा गाडायचे तर खड्डे करायला सब्बल पाहिजे, आणि आमच्याकडे सब्बल एकच. लाईन तेव्हा नव्हती. आत्याबाईंनी तार सोडली, वाफ्यात टाकली, सब्बल उपटली आणि दिवस मावळेपर्यंत एकटीनं खांब गाडले. सब्बल कुंपणापाशीच राहिली. थकल्या जिवानं त्या घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "वाचोली मेथी." मग चहा प्याल्या.

संध्याकाळी लाईन आली. हे बाजारातून परस्पर वावरात गेलेले. मोटार चालू केली, बल्ब लागला नाही. वाफ्यात तार पडलेली दिसली असेल. थंडी तार. त्यांनी ती नुसती उचलली. एवढंच. त्यापुढचं मी पाहिलं नाही आणि ज्यांनी पाहिलं त्यांना मी विचारलं नाही.

रडारडीत आत्याबाई येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होत्या. "मी सोता दुपारी सोडली न ती तार ह्या हातानं. थंडी होती. मले काही झालं नाही. बल्बानंच खाल्लं माह्या पोराले." लोक मान हलवत होते. त्यांनाही तेच वाटत होतं. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या डोक्यात, नको असताना, पुस्तकातली आकृती उमटली. ही तार, हा बल्ब, हे मोकळं टोक. कळलं मला. त्याच क्षणी, तिथंच. बारावीच्या विज्ञानानं मला आयुष्यात एवढी एकच गोष्ट पूर्ण उलगडून दाखवली. पुढे वावरात आमच्यासमोर लाईनचं बघायला आलेला वायरमनही मोकळ्या तारेकडे पाहून थबकला, त्यानं आत्याबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "होल्डर खराब होतं," तो म्हणाला. आत्याबाईंनी ते होल्डर दगडानं ठेचलं आणि बल्ब विहिरीत टाकून दिला.

मला त्यांचा राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला. कितीतरी दिवस मला त्यांचे हात बघवत नव्हते. त्या भाकरी थापायच्या, मी तव्याकडे बघायचे. त्यांनी वाढलेली भाकरी ताटात तशीच राहायची आणि त्या म्हणायच्या, "खाय माय, पोरीले दूध कोठून येईल?" एकदा वाटलं सांगून टाकावं. एका वाक्याचं तर काम होतं. तेव्हा त्या अंगणात पूर्वाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या आणि मुलाच्या लहानपणीचं गाणं तिला म्हणत होत्या. मी आत आले. ते वाक्य मी गिळलं.

माझे भाऊ मला माहेरी न्यायला आले, तेव्हा आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सून असती तं नेऊ देलं असतं. आता हे माही लेक हाये." नंतर त्या डोक्यावर टोपलं घेऊन गल्लोगल्ली मेथी विकत फिरल्या आणि मी घरात शिकवणी सुरू केली, सहावी-सातवीच्या मुलांची. राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. मला टायफॉइड झाला होता आणि त्या माझ्या केसांतला गुंता सोडवत होत्या, एक केस तुटू न देता. तेव्हा लक्षात आलं, की शोधूनही राग सापडत नाहीये. उरली होती फक्त भीती. यांना कळायला नको. एवढं एक जपायचं होतं मला. पोरगा गेला हे त्या कशाबशा सोसत होत्या. तो आपल्या हातून गेला हे त्यांना सोसलं नसतं.

म्हणून शिकवणीत विजेचा धडा आला, की मी मुलांना मारुतीच्या पारावर नेत असे. सेल, बारका बल्ब, दोन तारा. मुलांना तो धडा फार आवडतो. खोडरबर मध्ये ठेवला तर बल्ब लागत नाही, चमचा ठेवला तर लागतो. माळेतला एक दिवा गेला की एका फेऱ्यातले सगळे जातात, प्रत्येकाला वेगळी वाट दिली तर एकटाच जातो. मी हे सगळं हसत शिकवायचे आणि घरी यायचे. आत्याबाई विचारायच्या, "आज पारावर काहून?" मी म्हणायचे, "घरात उकडते." हिवाळ्यात.

पण पूर्वा मोठी झाली. यंदा तो धडा तिच्याच पुस्तकात आला. मी पोळ्या करत होते, ती ओसरीत बसली होती आणि पुढ्यात आत्याबाई मेथी निवडत होत्या. माझं लक्ष गेलं तेव्हा सेल आणि तारा मांडून झाल्या होत्या.

"हे पाय आजी. आता लागला न? आता ही तार काहाडली. इझला."

"गेला करंट," आत्याबाई म्हणाल्या.

"गेला नाही. रस्ता तुटला म्हून थांबला. इथवरोक आलेला हाये तो, ह्या टोकापर्यंत. रस्ता भेटला का जाते." तिनं फटीत चमचा ठेवला. बल्ब लागला. "चमचा ठेवला तं चमच्यातून जाते. हात ठेवला तं हातातून. हा सेल बारका हाये म्हून आपल्याले काही होत नाही."

"पूर्वा, पानी आन," मी आतून म्हणाले.

"थांब न आई. आजी इचारून राह्यली."

आत्याबाईंच्या हातात मेथीची काडी तशीच होती. "आन् थंडी तार कोन्ती ह्याच्यातली?"

पूर्वा हसली. "थंडी-गरम असं नसतेच आजी. एकच रस्ता हाये सारा. जोडलेली हाये तवरोक थंडी."

"सब्बल काहाडून घेतली तं? जमिनीतून?"

"कोन्ती सब्बल?"

"असीच. अर्थिंगची."

पूर्वानं जरा विचार केला. तिला वडिलांचं एवढंच माहीत आहे की ते शॉक लागून गेले. मग गणित सुटलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा उजळला. "मंग बी तसंच. तार मोकळी झाली, म्हंजे गरम. आजी, तुले तं सारं समजते. तू शाळेत पाह्यजे होती."

आत्याबाईंनी काडी खाली ठेवली. पदर सारखा केला. नातीला म्हणाल्या, "दाखव अजून एकदा." आणि पूर्वानं, आजी पहिल्यांदाच आपल्याकडून काही शिकतेय या आनंदात, पुन्हा दाखवलं. तार काढली. चमचा ठेवला. तव्यावरची पोळी जळाली, ती मी उलटलीही नाही.

पूर्वा खेळायला गेल्यावर त्या आत आल्या आणि चुलीपाशी बसल्या.

"तुले मालूम होतं?"

मी तवा उतरवला. "हो," म्हणाले.

"कवापासून?"

"तवापासूनच."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. रडल्या नाहीत. "आन् तू माह्या हातचं खात राह्यली," एवढंच म्हणाल्या. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी तो पदराखाली घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं शिरपूरला गेल्या. जाताना भाकरी केल्या नाहीत. माझ्या लग्नापासून हे पहिल्यांदाच घडलं.

या गोष्टीला मी दोष कुणाला देऊ? पूर्वानं धडा नीट वाचला होता. मी माझ्या मुलांना शिकवते ते खरंच शिकवते, आणि शिकवायलाच पाहिजे, अजूनही या शिवारात पन्नास सब्बली गाडलेल्या असतील. माहीत असतं तर माणूस वाचतो. हे मी रोज सांगते. पण ज्ञान वेळ बघून येत नाही. आमच्या घरी ते फार उशिरा आलं, आणि आलं ते एका म्हातारीला घेऊन जायला.

परवा रविवारी मी शिरपूरला गेले. तिथल्या जैन मंदिराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंनी गाडी भरलेली होती. नणंदेच्या घरी आत्याबाई मागच्या पडवीत बसल्या होत्या. अंगानं निम्म्या झालेल्या. नणंद मला हळूच म्हणाली, "वैनी, आईनं काय धरलं मनात? सैपाकाले हातच लावत नाही." म्हणजे तिला काही सांगितलेलं नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, घरी चला. पूर्वा रोज विचारते. मेथी वाढून चालली आहे, मला एकटीला जुड्या बांधणं होत नाही. संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फक्त स्टँडपर्यंत पोचवायला आल्या, गुडघे धरत. गाडी लागली होती. मी चढणार, तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला हात लावला.

"वर्षा, तू मले एक शिवी दे."

"काय बोलून राह्यल्या तुमी?"

"शिवी दे माय. रांड म्हन, डाकीन म्हन. तू काहीच बोलली नाही मले, इतकी वर्सं. माह्याच्यानं नाही सोसवत ते. एकदा बोल मोठ्यानं, लोकाईसमोर बोल. मंग येतो मी घरी."

कंडक्टर घंटी वाजवत होता. त्या तोंड वर करून उभ्या होत्या, मारायला उगारलेल्या हाताची वाट बघावी तशा. मला त्यांना घरी न्यायचं होतं, आणि त्यासाठी एक शब्द पुरे होता. मी तोंड उघडलं. पहिल्या दिवसांतला तो सगळा राग मी आत हात घालून शोधला. एवढा होता, एखादा तुकडा तरी उरला असेल. काही नव्हतं.

"गुडघ्याले तेल लावत जा तुमी," मी म्हणाले.

आत्याबाईंनी माझा दंड सोडला. मी एकटीच चढले. गाडी निघाली.